पेटी परत केंद्रावर आणायची नाही

या प्रकरणात १७ माणसे आहेत, एक लहान नदी आहे आणि एक लाकडी पेटी आहे. पर्यावरण शिकवणाऱ्यांचे स्थानिक जाळे उभे करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मला वाटले होते की माणसे मिळाली की जाळे झालेच. माणसे पहिल्या महिन्यातच मिळाली. जाळे व्हायला पावणेदोन वर्षे लागली आणि त्यातले पहिले वर्ष जवळजवळ पाण्यात गेले. म्हणजे वाया गेले. पाण्यात आम्ही खरोखर उतरलो ते दुसऱ्या वर्षी.

मी तेव्हा एका निसर्ग शिक्षण केंद्रात काम करत होते. नदीच्या दोन्ही अंगांना शाळा होत्या, एक लहान संग्रहालय होते, रोपवाटिका होती, वरच्या अंगाला जंगल होते. या सगळ्या ठिकाणी कुणी ना कुणी मुलांना पाणी, झाडे, पक्षी, कचरा यांबद्दल काहीतरी शिकवत होतेच. पण कुणाला कुणाचा पत्ता नव्हता. पायी अर्ध्या तासाच्या अंतरावरच्या दोन शाळा वर्षानुवर्षे एकाच पुलाखाली मुलांना नेत होत्या, एक सोमवारी आणि दुसरी शुक्रवारी. एकीकडे पाण्याचा गढूळपणा मोजायला विकत आणलेली सेक्की तबकडी होती, दुसरीकडे रंगाच्या डब्याच्या झाकणाला काळा-पांढरा रंग देऊन तीच तबकडी घरी केलेली होती. (घरची जास्त चांगली होती, तिला खाली वजन बांधले होते, त्यामुळे ती प्रवाहात तिरकी होत नसे.) दोघांनीही आपापल्या वह्यांत आकडे लिहून ठेवले होते. ते आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत, असे कुणालाच सुचले नव्हते, कारण दुसरी वही आहे हेच ठाऊक नव्हते.

मेळावा आणि यादी

सुरुवात सगळे करतात तशीच केली. एक दिवसाचा मेळावा घेतला. ४० जण आले. ओळखी करून देण्यातच दुपार झाली. शेवटी सगळ्यांची नावे, शाळा, विषय आणि दूरध्वनी क्रमांक असलेली यादी छापून वाटली, मोबाइलवर ग्रुप काढला आणि आम्ही समाधानाने घरी गेलो. सहा महिन्यांनी मी एकेकाला विचारले, त्या यादीतून तुम्ही कुणाला फोन केलात? दोन फोन झाले होते. त्यातला एक चुकून लागला होता.

यादी वाईट नव्हती. पण माणूस फोन करतो तो काही अडले म्हणून, आणि दुसऱ्याकडे ते आहे हे ठाऊक आहे म्हणून. आमच्या यादीत कुणाचा विषय काय ते होते, कुणाकडे काय आहे ते नव्हते, आणि कुणाचे काय अडते ते तर मुळीच नव्हते.

मग मी दर महिन्याला व्याख्यान ठेवू लागले. त्यातले एक आठवले की अजून ओशाळायला होते. १९७५ मध्ये बेलग्रेडच्या कार्यशाळेत पर्यावरण शिक्षणाची सनद तयार झाली. तिच्यात जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्ये, मूल्यमापनाची क्षमता आणि सहभाग अशी सहा उद्दिष्टे होती. दोन वर्षांनी, १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये, युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांची तिबिलिसीची परिषद झाली. तिच्या जाहीरनाम्यात पाच उरली. मूल्यमापनाची क्षमता वेगळी राहिली नाही. मी या गळलेल्या सहाव्या उद्दिष्टावर वीस मिनिटे बोलले. मला ते फार महत्त्वाचे वाटत होते, आजही वाटते. प्रश्न विचारा म्हटल्यावर मागच्या बाकावरून एक सर म्हणाले, “मॅडम, ते ठीक आहे. पण स्टार्चचं द्रावण किती दिवस टिकतं? माझं सारखं बुरशी धरतं.”

मला उत्तर येत नव्हते. शेजारी बसलेल्या निवृत्त प्रयोगशाळा सहायकांनी ते दिले: ताजे करायचे, थंड जागी ठेवायचे, आणि निळा रंग स्वच्छ येईनासा झाला की हळहळ न करता ओतून द्यायचे. व्याख्यान संपल्यावर ते दोघे अर्धा तास दाराशी उभे राहून बोलत होते. त्या दिवशी घडलेले कामाचे तेवढेच. मी मात्र ते तेव्हा नोंदले नाही. उपस्थितीचा आकडा नोंदला.

वर्षाअखेर ४० चे १७ झाले. त्यात शाळांचे शिक्षक ९, वनरक्षक २, आणि संग्रहालयातला मार्गदर्शक, रोपवाटिकेतल्या एक बाई, ग्रंथपाल, ते प्रयोगशाळेतले काका, जलशुद्धीकरण केंद्रातला एक ऑपरेटर आणि मी. ऑपरेटरला कुणी बोलावले नव्हते. तो आपल्या मुलीला घ्यायला आला आणि थांबला. “मी काही शिकवणारा नाही,” हे तो प्रत्येक बैठकीत एकदा तरी म्हणे. पण नदीचे पाणी कोणत्या दिवशी कसे बदलते, हे आमच्यात रोज पाहणारा तो एकटाच होता. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवून दिले होते की नवी बातमी बहुधा जवळच्या मित्रांकडून येत नाही, तोंडओळखीच्या माणसांकडून येते. जवळच्यांना आपल्याला ठाऊक असते तेच ठाऊक असते. नऊ शिक्षकांच्या बैठकीत हे रोज दिसे. तीच पाठ्यपुस्तके, त्याच तक्रारी. नवी गोष्ट निघाली की ती वनरक्षकाकडून, नाहीतर ऑपरेटरकडून.

आरे आहेत, धाव नाही

याकोब मोरेनो याने १९३४ मध्ये माणसामाणसांतले संबंध ठिपक्यांनी आणि रेषांनी काढून दाखवण्याची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. कागद आणि पेन्सिल एवढेच लागते. मी १७ ठिपके काढले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: गेल्या तीन महिन्यांत या कामासाठी तुम्ही कुणाकडून काही मागून घेतलेत, कुणाला काही विचारलेत किंवा कुणाचा वर्ग पाहायला गेलात? १७ माणसांत १३६ जोड्या होऊ शकतात. आमच्या कागदावर २० रेषा आल्या. त्यातल्या १६ माझ्याकडे येत होत्या.

खोटे कशाला बोलू, पहिल्यांदा मला बरे वाटले. सगळे मला विचारतात! कागद काकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, कागद जरा लांब धरला आणि म्हणाले, “ताई, हे जाळं नव्हे, हे चाक आहे. तेही अर्धवट. आरे आहेत, बाहेरची धाव नाही. मधला तुंबा काढला की सगळे आरे खाली.”

समन्वयक असलेल्या बहुतेक स्थानिक गटांचा आकार हाच असतो, असे मला आता वाटते. समन्वयकाला तो दिसत नाही, कारण तो तुंब्यात बसलेला असतो. त्याच्या जागेवरून सगळे जोडलेलेच दिसतात. आणि कामाचा उत्साह जितका जास्त, तितका हा आकार पक्का. कुणी काही मागितले की मी धावत जाऊन देत होते. वरच्या शाळेने पी-एच मीटर मागितले की खालच्या शाळेतून आणून मीच पोहोचवत होते. दोघांची गाठ पडण्याची पाळीच मी येऊ देत नव्हते.

साडेसहा मिलिलिटरचा बुडबुडा

बदल झाला तो एका भांडणातून, आणि ते भांडण मी मिटवू शकले नाही म्हणून.

तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकच गोष्ट मोजायची ठरवली होती, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. पद्धत लायोस विंकलरची, १८८८ सालची. ३०० मिलिलिटरची बाटली हवा न राहू देता काठोकाठ भरायची, तिच्यात मँगनीज सल्फेट आणि मग अल्कली-आयोडाइड-अझाइड घालायचे. ऑक्सिजन असला तर तपकिरी साका धरतो, नसला तर पांढरा राहतो. मग आम्ल घातले की साका विरघळून पिवळे पाणी होते. त्यातले २०० मिलिलिटर घेऊन थायोसल्फेटने टायट्रेशन करायचे, म्हणजे ब्युरेट या आखीव नळीतून ते थेंबथेंब सोडत किती लागले ते मोजायचे. शेवटाकडे स्टार्च घालून आलेला निळा रंग नाहीसा झाला की थांबायचे. द्रावणाची तीव्रता बेतलेली असली तर ब्युरेटमधला एक मिलिलिटर म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम ऑक्सिजन. हिशेब पाचवीतल्या मुलालाही जमतो, ही या जुन्या पद्धतीची गंमत.

वरच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचा आकडा आला ५. पुलाखालून आणखी पुढे, जिथे पाणी संथ आणि हिरवट होते, तिथल्या भूगोलाच्या बाईंचा आकडा आला ११. खालच्या अंगाला, वस्ती ओलांडून गेल्यावर, नदी दुपटीने चांगली? सर बैठकीत स्पष्टच म्हणाले, “बाई, तुमच्या बाटलीत बुडबुडा राहिला असणार.” बाई म्हणाल्या, “सर, मी वीस वर्षं मुलांना मोजमाप शिकवते. तुमचं ब्युरेट एकदा तपासून घ्या.” त्यानंतर दोघांनी एकमेकांशी बोलणे सोडले आणि दोघेही माझ्याशी बोलू लागले. हेच चाक.

मध्यस्थी काकांनी केली, तीही फळ्यावर. एक मिलिलिटर हवेत साधारण ०.२८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तो ३०० मिलिलिटरच्या बाटलीत गेला तर लिटरमागे ०.९ मिलिग्रॅमची वाढ. ५ चे ११ करायला किती हवा लागेल? “साडेसहा मिलिलिटर,” काका म्हणाले, “चहाच्या चमच्याहून जास्त. एवढा बुडबुडा बाईंना दिसला नसता का?” सर गप्प. मग काका बाईंकडे वळले. “आणि बाई, पाणी होतं २८ अंशाचं. त्या तापमानाला हवेतून पाण्यात मुरून मुरून मुरणार ते साधारण ७.८. तुमच्याकडे ११ आले. वरचे तीन कुठून आले?”

कुणालाच सांगता येईना. ऑपरेटर कोपऱ्यातून म्हणाला, “तुम्ही किती वाजता भरलं पाणी?”

सरांनी सकाळी साडेसहाला, शाळा भरण्यापूर्वी. बाईंनी दुपारी तीनला, शेवटच्या तासाला.

पुढचे सगळ्यांना पुस्तकातून ठाऊक होते, पण या दोन आकड्यांना लावून पाहिले नव्हते. संथ, हिरव्या पाण्यात शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडते, इतका की पाणी संपृक्ततेच्या, म्हणजे हवेतून मुरू शकणाऱ्या मर्यादेच्या, पलीकडे जाते. रात्री तेच शेवाळ, जिवाणू आणि तळाचा गाळ ऑक्सिजन वापरत राहतात. दुपारचा ११ हा निरोगीपणाचा आकडा नव्हताच. तो पहाटे काय होत असेल त्याची धास्ती घालणारा आकडा होता. मात्र हे झाले तर्काने. खरे आहे का, ते पाहायला रात्री जावे लागणार होते.

आम्ही बाईंच्या जागी संध्याकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत दर तीन तासांनी पाणी भरले. नऊ वेळा, प्रत्येक वेळी दोन बाटल्या. एका बाटलीचे टायट्रेशन आणि दुसरी साका धरलेल्या अवस्थेत तशीच ओळीने लावून ठेवायची. १७ पैकी ११ जण आले. मुले नव्हती, रात्रीच्या पाण्यावर मुले न्यायची नाहीत हे आधीच ठरले होते. मध्यरात्रीनंतर कंदिलाच्या उजेडात ब्युरेट वाचताना सर आणि बाई एकाच बाकड्यावर बसले होते. एक वाचत होता, दुसरी लिहीत होती, आणि दर वेळी ती “परत बघा” म्हणत होती. पहाटे तीनला आणि सहाला आकडा तीनच्या वर जाईना. सकाळी पाहिले तर बाटल्यांची ओळच सगळे सांगत होती: संध्याकाळचा गडद तपकिरी साका, मग फिका, मग आणखी फिका, पहाटे जेमतेम मातकट, आणि ऊन चढल्यावर पुन्हा गडद. संग्रहालयातल्या मार्गदर्शकाने त्याच ओळीचा फोटो मोठा करून पुढे दर्शनी भिंतीवर लावला.

त्यानंतरच्या आठवड्यात मला आलेले फोन निम्म्यावर आले. काय बिघडले म्हणून मी चौकशी केली. काहीच बिघडले नव्हते. ते एकमेकांना फोन करत होते.

पेटी

नदी हा धागा निवडण्यात आमचे नवे काही नव्हते. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात हुरॉन नदीत विंडसर्फिंग केलेल्या काही शाळकरी मुलांना हिपॅटायटिस-ए झाला, आणि ‘आपली नदी तपासायची कशी’ हा प्रश्न वर्गातून निघाला. त्या शाळेच्या मदतीला मिशिगन विद्यापीठातले विल्यम स्टॅप आले. पर्यावरण शिक्षणाची पुष्कळ उद्धृत होणारी व्याख्या १९६९ मध्ये ज्यांनी सहकाऱ्यांसह मांडली, तेच हे स्टॅप. पुढे डेट्रॉइटच्या रूज नदीवर अनेक शाळा एकच नदी तपासून आकडे एकमेकांना दाखवू लागल्या आणि १९८९ मध्ये त्यातून नद्यांवर काम करणाऱ्या शाळांचे आंतरराष्ट्रीय जाळे, ‘ग्रीन’, उभे राहिले. त्यांच्या पद्धतीत नऊ चाचण्या होत्या: विरघळलेला ऑक्सिजन, विष्ठेतील कोलिफॉर्म जिवाणू, पी-एच, जैविक ऑक्सिजन मागणी, तापमानातला फरक, फॉस्फेट, नायट्रेट, गढूळपणा आणि एकूण घन पदार्थ. सगळ्यांचा मिळून पाण्याचा एक निर्देशांक काढण्यासाठी प्रत्येकीला वजन दिलेले. ऑक्सिजनचे सर्वांत जास्त, ०.१७, त्याखालोखाल कोलिफॉर्मचे, ०.१६.

आम्ही नऊ घेतल्या नाहीत. कोलिफॉर्मला ४४.५ अंशांवर २४ तास धरून ठेवणारे उबवणी यंत्र लागते. जैविक ऑक्सिजन मागणीला पाच दिवस २० अंशांवर अंधारात बाटली ठेवावी लागते. शाळेच्या वेळापत्रकात हे बसत नाही आणि जे बसत नाही ते तिसऱ्या महिन्यात बंद पडते. तापमान, गढूळपणा, पी-एच, ऑक्सिजन आणि दगडाखालचे किडे एवढेच ठेवले. एवढ्याने पाण्याचा एक निर्देशांक काढता येत नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले, म्हणजे पुढे कुणी उत्साहाने काढायला नको.

साहित्य एकाच पेटीत घातले. प्रत्येकाला वेगळी पेटी देण्याइतके साहित्य जमवता आले असते. आम्ही मुद्दाम जमवले नाही. ही कल्पना रोपवाटिकेतल्या बाईंची. त्यांचे म्हणणे होते, वेगवेगळ्या कुंड्यांत लावलेल्या रोपांच्या मुळ्या एकमेकांत गुंतत नाहीत. पेटीचे नियम तीनच होते. पेटी परत केंद्रावर आणायची नाही, ज्याच्याकडे आहे त्याने पुढच्याला द्यायची. देताना पुढच्याने आधीच्याचा एक तास पूर्ण बघायचा, निदान बाटल्या तरी धुवायच्या. आणि वहीत चार ओळी लिहायच्या: काय केले, काय फुटले, काय संपत आले, कोणता प्रश्न उरला.

दुसरा नियम सगळ्यांना जाच वाटला होता. वनरक्षकाला शाळेचा तास बघायला अर्धा दिवस घालवावा लागे. पण बहुतेक रेषा त्यातूनच निघाल्या. एका बाईंच्या तासाला बसलेल्या वनरक्षकाने पाहिले की मुलांना ‘मेफ्लाय’ या पाण्यात वाढणाऱ्या कीटकाच्या अळीचे नुसते चित्र दाखवले जात आहे. तो म्हणाला, “माझ्याकडे वरच्या ओढ्यात दगड उलटला की असतात, मुलांना आणा.” मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या तिघांच्या अळ्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो, पाणी बिघडले की आधी त्या जातात आणि गाळातले तांबडे किडे उरतात. हे त्याला पुस्तकातून माहीत नव्हते. मासे धरणाऱ्यांना गळाला लावायला त्या अळ्या कुठे मिळतात ते माहीत होते.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र आम्ही नियमांत काटकसर केली नाही. मूल गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात जाणार नाही. विंकलर पद्धतीतले अझाइड विषारी आणि सल्फ्युरिक आम्ल तीव्र, म्हणून बाटलीत रसायने घालणे मोठ्यांनीच, हातमोजे आणि गॉगल घालून. मुलांनी पाणी भरायचे, रंग बघायचा, टायट्रेशनचे थेंब मोजायचे. वापरलेले द्रावण एका कॅनमध्ये परत, नदीत एक थेंबही नाही. दुसऱ्या वर्षी एका बाटलीचे बूच सैल राहून पेटीचा तळ जळाला. वहीत ‘काय फुटले’ या ओळीत तेव्हाच्या सरांनी लिहिले आहे: “पेटीचे लाकूड आणि माझा आत्मविश्वास.”

अनुदानाबद्दल दोनच वाक्ये. ते मिळाले, त्याच्या अहवालात ‘लाभार्थी संख्या’ असा रकाना होता, आणि तो भरण्याच्या नादात एका तासाला १५ ऐवजी ६० मुले नदीवर जाऊ लागली, त्यातल्या ४५ जणांनी पुढच्यांच्या पाठी पाहिल्या. पुढच्या वर्षी आम्ही ते मागितले नाही.

आकडे कुणाचे

सगळ्यांत कठीण प्रसंग तिसऱ्या वर्षी आला आणि त्यात आम्ही दोन माणसे गमावली. माझ्या मते हाच या प्रकरणाचा शिकण्यासारखा भाग, कारण इथे आमचे काय बरोबर आणि काय चूक हे मला अजून नीट सांगता येत नाही.

पुलाच्या खाली एका नळातून पाणी येत असे. त्याच्या वरच्या आणि खालच्या जागांचे आमच्याकडे दीड वर्षाचे आकडे होते, आता एकाच वेळेला, पहाटे भरलेले. खालचे सतत कमी. नदीसाठी आंदोलन करणारा एक गट ते आकडे मागायला आला. ‘शाळकरी मुलांनी सिद्ध केले, नळातून मैलापाणी येते’ असा त्यांचा मजकूर तयारच होता.

बैठक साडेतीन तास चालली. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, आकडे द्यायचेच. मुलांना नुसते मोजायला शिकवायचे आणि मोजल्यावर गप्प बसायला, हे कसले शिक्षण? विज्ञानाचे सर म्हणाले, आपण कोलिफॉर्म मोजलेलेच नाही; ऑक्सिजन कमी आहे एवढेच आपल्याला ठाऊक आहे, तो मैलापाण्याने की आणखी कशाने ते नाही. शिवाय मुलांच्या नावाने आपण भांडू नये. दोघांनीही एकाच कागदाचा आधार घेतला. उत्तर अमेरिकेतल्या पर्यावरण शिक्षण संघटनेने १९९६ मध्ये शैक्षणिक साहित्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली होती आणि ती मीच पहिल्या वर्षी वाटली होती. त्यातले पहिले लक्षण ‘निःपक्षपातीपणा आणि अचूकता’, चौथे ‘कृतीकडे रोख’. सर पहिल्यावर बोट ठेवत होते, बाई चौथ्यावर.

शेवटी ठरले ते असे: आकडे द्यायचे, पण पद्धत, वेळ, तापमान आणि आम्ही काय मोजले नाही याची नोंद जोडून, निष्कर्ष आमच्या नावावर छापायचा नाही, आणि हेच कागद, त्याच दिवशी, पाण्याची जबाबदारी असलेल्या कार्यालयालाही द्यायचे. आंदोलकांना हे बुळबुळीत वाटले. कार्यालयाने पोच दिली. कोलिफॉर्मची तपासणी पुढे ऑपरेटरने वरिष्ठांच्या परवानगीने आपल्या प्रयोगशाळेत करून दिली आणि नळाबद्दलचा संशय खरा निघाला. पण तोवर आमच्यातले एक शिक्षक ‘तुम्ही भित्रे’ म्हणून गेले होते आणि दुसरे एक ‘तुम्ही राजकारण करता’ म्हणून. दोघेही चांगले शिकवणारे होते.

आज मागे पाहता मला वाटते, हा प्रश्न पेटी फिरू लागण्यापूर्वी, कुणाच्याच हातात आकडा नसताना, बोलून घ्यायला हवा होता. आकडे हातात आल्यावर प्रत्येक जण आपापल्या आकड्याच्या बाजूचा होतो. बाईंना हे पटत नाही. त्यांच्या मते आधी बोललो असतो तर सगळ्यांनी गोड गोड कबूल केले असते आणि भांडण तरीही झालेच असते.

चार महिने

त्याच वर्षी घरच्या आजारपणामुळे मला चार महिने पूर्ण बाहेर राहावे लागले. जाण्यापूर्वी मी कामे वाटून देणारा तीन पानी कागद केला होता. परत आल्यावर तो ग्रंथपालांच्या खणात, घडीही न मोडलेला, सापडला. पेटी मात्र सहा जणांकडून फिरून आली होती. एकदा ती तीन आठवडे एकाच शाळेत अडकली, कारण थायोसल्फेट संपले होते आणि कुणी सांगितले नव्हते. संपत आले आहे, हे वहीत त्याआधी दोन वेळा लिहिलेले होते. वाचले कुणीच नव्हते. मग काकांनी चौथा नियम घातला: पेटी घेताना आधीच्याच्या चार ओळी मोठ्याने वाचायच्या, देणाऱ्यासमोर.

मी पुन्हा ठिपके काढले. गेलेल्या दोघांच्या जागी दोन नवे आले होते, म्हणून माणसे तितकीच, १७. रेषा ४३. माझ्याकडे येणाऱ्या ९. सर्वांत जास्त रेषा ऑपरेटरकडे जात होत्या. कागद त्याला दाखवला तेव्हा तो म्हणाला, “पण मी काही शिकवणारा नाही.” काका म्हणाले, “आता जरा धाव दिसायला लागली. पण इथं बघा,” आणि त्यांनी वरच्या अंगाच्या दोन शाळांवर बोट ठेवले. त्यांच्यापासून एकेकच रेषा निघत होती, दोन्ही एकाच वनरक्षकाकडे. त्याची बदली झाली तर त्या दोन्ही शाळा सुट्या होतील. त्यावर आम्हाला अजून उपाय सापडलेला नाही. पेटी तिकडे लागोपाठ दोनदा पाठवून पाहिली, पण चढाच्या वाटेने ती उचलून न्यायला दोन माणसे लागतात आणि दुसरे माणूस दर वेळी तो वनरक्षकच असतो.

पेटी आता संग्रहालयात आहे. वहीत मार्गदर्शकाने प्रश्नाच्या ओळीत लिहिले आहे: “वरच्या जागी मेफ्लायच्या अळ्या, खालच्या जागी एकही नाही. पण खाली दगडच नाहीत, नुसता गाळ आहे. मग त्या पाण्यामुळे नाहीत की घर नाही म्हणून नाहीत?” त्याखाली वेगळ्या अक्षरात, पुढे पेटी ज्यांच्याकडे जाणार त्या रोपवाटिकेतल्या बाईंची नोंद आहे. सारख्याच आकाराचे दगड भरून जाळीच्या दोन पिशव्या केल्या आहेत. एक वर आणि एक खाली, सहा आठवडे पाण्यात ठेवायच्या आणि मग दोन्ही एकाच दिवशी उघडायच्या. पिशव्या बुडवायला कोण कोण येणार त्यांची नावे पुढे आहेत. त्यात माझे नाव नाही.